एक मेलबॉक्स, तीन प्रोग्राम: सामायिक फोल्डर जुळत नसतील तर तपासणी कशी करावी

लातूरच्या मार्केट यार्डाजवळील एखाद्या डाळ मिलचे उदाहरण घेऊ. सौद्यांची पत्रे येण्यासाठी मिलचा एकच ईमेल पत्ता आहे. मुनीमजी तो आउटलुक या ईमेल प्रोग्राममध्ये उघडतात, उदगीरच्या गोदामातील संगणकावर थंडरबर्ड हा दुसरा ईमेल प्रोग्राम आहे आणि मालक नांदेड किंवा हैदराबादच्या वाटेवर असले की मोबाइलवर पत्रे पाहतात. ‘तूर सौदे’ नावाचे फोल्डर मुनीमजींना दिसते, गोदामात ते दिसतच नाही आणि मालकांच्या मोबाइलवर दिसते, पण आत काहीच नसते. अशा वेळी दोष प्रोग्रामला देऊन खाते काढून पुन्हा जोडण्याची घाई केली जाते आणि त्या धांदलीत फक्त त्या संगणकावर असलेली पत्रे कायमची जातात. तपासणी सर्व्हरपासून (पत्रे जेथे साठवली जातात त्या सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकापासून) सुरू करून संगणकापर्यंत खाली आणली, तर बहुतेक वेळा खाते काढण्याची गरजच पडत नाही. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: पत्र नेमके कोठे आहे?

सर्वांत आधी कोणताही प्रोग्राम न वापरता ब्राउझरमधून वेबमेल उघडावे. तेथे फोल्डर आणि पत्रे दिसत असतील, तर सर्व्हर ठीक आहे आणि दोष संगणकाच्या बाजूला आहे. तेथेही दिसत नसतील, तर थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये कितीही फेरफार केले तरी ती येणार नाहीत. एक सावधगिरी मात्र बाळगावी. अनेक होस्टिंग सेवांवर मिळणारे राउंडक्यूब हे वेबमेलसुद्धा केवळ ‘सबस्क्राइब’ केलेली, म्हणजे आपल्या यादीत घेतलेली, फोल्डर दाखवते, म्हणून त्याच्या सेटिंग्जमधील फोल्डर्सची पूर्ण यादी पाहिल्याखेरीज फोल्डर नाही असा निष्कर्ष काढू नये.

वेबमेलमध्ये पत्रे नसतील आणि एकाच संगणकावर असतील, तर कारण बहुधा दोनपैकी एक असते. पहिले कारण म्हणजे त्या संगणकावरील खाते पॉप पद्धतीने, म्हणजे पत्रे सर्व्हरवरून आपल्या संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीने, जोडलेले असणे. पॉपला फक्त इनबॉक्स कळतो. त्या खात्यात तयार केलेली सर्व फोल्डर त्या एका संगणकाच्या डिस्कवर राहतात आणि इतरांना दिसण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय आउटलुक आणि थंडरबर्ड या दोहोंच्या पॉप सेटिंगमध्ये सर्व्हरवरची प्रत काही दिवसांनी काढून टाकण्याची सोय असून तेथे सहसा १४ दिवस हा आकडा दिसतो. दोन आठवड्यांपूर्वीची पत्रे सर्वांच्या पेटीतून एकदम नाहीशी होत असतील, तर कोठे तरी एक पॉप खाते चालू आहे असे समजून शोध घ्यावा. सेटिंगमधील पोर्ट क्रमांकावरून हे लगेच ओळखता येते: ९९३ किंवा १४३ असेल तर आयमॅप (पत्रे आणि फोल्डर सर्व्हरवरच ठेवून सर्व ठिकाणांहून तीच पाहण्याची पद्धत), ९९५ किंवा ११० असेल तर पॉप. सामायिक पेटीसाठी सर्व ठिकाणी आयमॅपच हवे. हा नियम कार्यालयातील एका संगणकानेही मोडला, तर बाकी सर्वांना त्रास होतो.

दुसरे कारण म्हणजे खाते आयमॅपचेच असते, पण पत्रे ओढून थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये किंवा आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे फक्त त्या संगणकावरच्या साठ्यात, टाकलेली असतात. पेटी भरली म्हणून जागा मोकळी करताना हे हमखास होते. अशी पत्रे सर्व्हरवर परत न्यायची असतील, तर त्याच प्रोग्राममध्ये ती निवडून आयमॅप खात्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करावीत, काही वेळ थांबून वेबमेलमध्ये त्यांची संख्या जुळवावी आणि मगच स्थानिक प्रत हलवण्याचा विचार करावा. पेटीत जागा किती शिल्लक आहे हे आधी पाहावे, कारण कोटा भरल्यावर कॉपी मध्येच थांबते.

दुसरी पायरी: प्रवेश आणि हक्क

एखाद्या दिवशी जुना प्रोग्राम अचानक पासवर्ड मागू लागला आणि योग्य पासवर्ड देऊनही आत घेत नसेल, तर सेवेने जुनी प्रवेशपद्धत बंद केली आहे का ते पाहावे. गुगलने वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी केवळ नाव आणि पासवर्डवर चालणारा प्रवेश ३० मे २०२२ पासून बंद केला. मायक्रोसॉफ्टने कार्यालयीन खात्यांसाठी तो ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने आणि आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केला. थंडरबर्डमध्ये सर्व्हर सेटिंग्जमधील प्रमाणीकरणाची पद्धत ‘ओऑथ२’ (सेवेच्या स्वतःच्या खिडकीतून प्रवेश करण्याची पद्धत) करावी. जीमेलमध्ये द्विस्तरीय पडताळणी सुरू असल्यास ॲप पासवर्ड, म्हणजे त्या प्रोग्रामसाठी वेगळा तयार केलेला पासवर्डही चालतो.

मराठवाड्यात आणखी एका साध्या कारणाकडे लक्ष द्यावे लागते. लाइट वारंवार जाते, यूपीएसची बॅटरी संपलेली असते आणि जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेलही मेलेला असतो. मग संगणक सुरू होताना तारीख काही वर्षे मागे जाते, सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अवैध’ दिसू लागते आणि प्रोग्राम जोडणी नाकारतो. प्रमाणपत्राची तक्रार दिसताच ‘तरीही पुढे जा’ असे दाबण्याऐवजी आधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख वाचावी.

प्रवेश मिळत असूनही दुसऱ्याचे फोल्डर दिसत नसेल, तर हक्कांकडे वळावे. आयमॅपमध्ये फोल्डरवरील हक्क वेगवेगळे दिलेले असतात: फोल्डर यादीत दिसणे, पत्रे वाचणे, वाचल्याची खूण बदलणे, नवीन पत्र आत टाकणे, पत्र हटवणे आणि हटवलेले कायमचे काढणे. २००५ मधील आरएफसी ४३१४ या मानकात त्यांची व्याख्या आहे. अर्धवट दिलेले हक्क फार फसवे असतात. वाचण्याचा हक्क आहे, पण यादीत दिसण्याचा नाही, तर फोल्डर नसल्यासारखे वाटते. टाकण्याचा हक्क नसेल, तर पत्र ओढून नेले की ते पुन्हा मूळ जागी येते. थंडरबर्डमध्ये फोल्डरवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमधील ‘शेअरिंग’ टॅब उघडला की आपल्याला कोणते हक्क आहेत ते वाचता येते. आउटलुक वापरणाऱ्यांनीही तपासणीपुरते थंडरबर्ड कोठे तरी बसवून ठेवावे असे माझे मत या एका टॅबमुळे झाले आहे.

दोन मोठ्या सेवांचे वागणे वेगळे आहे, म्हणून त्यांचा स्वतंत्र उल्लेख करतो. जीमेलमध्ये आपली पेटी दुसऱ्याला ‘डेलिगेट’ (प्रतिनिधी) म्हणून दिली, तर त्याला ती ब्राउझरमध्ये दिसते; त्याचे स्वतःचे नाव आणि पासवर्ड वापरून आयमॅपने ती त्याला उघडता येत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील सामायिक पेटी, तिच्यावर पूर्ण हक्क दिलेल्या व्यक्तीच्या आउटलुकमध्ये सहसा आपोआप जोडली जाते, मात्र हक्क दिल्यानंतर थोडा वेळ वाट पाहावी लागते. तीच पेटी थंडरबर्डमध्ये हवी असेल, तर वापरकर्ता नावाच्या जागी सामायिक पेटीचा पत्ता लिहावा आणि ओऑथची खिडकी उघडल्यावर मात्र स्वतःच्या खात्याने प्रवेश करावा. बहुतेक लोक येथेच अडकतात, कारण दोन्ही जागी एकच पत्ता हवा असा त्यांचा साहजिक समज असतो.

तिसरी पायरी: सबस्क्रिप्शन

फोल्डर सर्व्हरवर असणे आणि ते आपल्या यादीत असणे या आयमॅपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल वर्गात बसलेले आहे, पण हजेरीपटावर त्याचे नाव नाही, असा हा प्रकार असतो. काही प्रोग्राम हजेरीपट वाचतात, काही सरळ वर्गात डोकावतात, म्हणून एकाच पेटीचे चित्र दोन संगणकांवर वेगळे दिसते.

थंडरबर्डमध्ये खात्यावर उजवे क्लिक करून ‘सबस्क्राइब’ निवडावे, ‘रिफ्रेश’ दाबावे आणि हव्या त्या फोल्डरसमोर खूण करावी. सर्व फोल्डर कायम दिसावीत असे वाटत असेल, तर अकाउंट सेटिंग्जमधील सर्व्हर सेटिंग्जच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘शो ओन्ली सबस्क्राइब्ड फोल्डर्स’ ही खूण काढून प्रोग्राम पुन्हा सुरू करावा. क्लासिक आउटलुकमध्ये खात्याच्या नावावर उजवे क्लिक केल्यावर ‘आयमॅप फोल्डर्स’ हा पर्याय मिळतो. तेथे ‘क्वेरी’ दाबल्यावर सर्व्हरवरील सर्व नावे येतात. त्याच खिडकीच्या तळाशी केवळ सबस्क्राइब केलेलीच फोल्डर दाखवावीत अशी खूण असते. तिच्यामुळेच मुनीमजींना एक चित्र आणि गोदामाला दुसरे चित्र दिसत असते. जीमेलमध्ये प्रत्येक लेबलसमोर ‘शो इन आयमॅप’ अशी खूण असते. ती काढलेली असेल, तर ते लेबल कोणत्याही प्रोग्रामला फोल्डर म्हणून दिसणार नाही.

ही यादी सर्व्हरवर, लॉगिनच्या नावाने साठवली जाते. तिघे जण एकाच लॉगिनने काम करत असतील आणि एकाने आपली यादी आटोपशीर करण्यासाठी चार फोल्डर अनसबस्क्राइब केली, तर हजेरीपट वाचणाऱ्या इतर प्रोग्राममधूनही ती नाहीशी होतात. ‘काल दिसत होते, आज दिसत नाही’ या तक्रारीचे हे एक मुख्य कारण आहे.

फोल्डर सबस्क्राइबच्या यादीतही नसेल, तर नेमस्पेस तपासावी. सर्व्हर आपली स्वतःची, इतर वापरकर्त्यांची आणि सर्वांची सामायिक अशी तीन प्रकारची फोल्डर वेगळ्या उपसर्गाखाली ठेवू शकतो. आउटलुकमधील ‘रूट फोल्डर पाथ’ किंवा थंडरबर्डमधील ‘आयमॅप सर्व्हर डिरेक्टरी’ या चौकटीत कोणी ‘इनबॉक्स’ असे लिहून ठेवले असेल, तर प्रोग्राम फक्त इनबॉक्सच्या खालची फोल्डर मागतो आणि शेजारच्या सामायिक शाखेकडे बघतही नाही. ती चौकट रिकामी करून पाहावी.

चौथी पायरी: फोल्डरची नावे

मराठी कार्यालयांत हा भाग सर्वाधिक डोकेदुखीचा असतो आणि इंग्रजी मदतपानांवर त्याविषयी फारसे काही मिळत नाही.

आयमॅपच्या जुन्या रचनेत फोल्डरचे देवनागरी नाव जसेच्या तसे साठवले जात नाही. त्याचे सुधारित यूटीएफ-७ या पद्धतीने रोमन अक्षरांत रूपांतर होते. चांगला प्रोग्राम ते उलगडून पुन्हा मराठीत दाखवतो. अँपरसँड (&) चिन्हाने सुरू होऊन आडव्या रेघेने संपणारी निरर्थक रोमन अक्षरे फोल्डरच्या नावात दिसली, तर पत्रे खराब झाली असे समजू नये. तो प्रोग्राम किंवा स्क्रिप्ट नाव उलगडत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. तेथून ‘दुरुस्त’ करण्यासाठी नाव बदलू नये, नाहीतर इतर सर्वांच्या संगणकावरचे चांगले नाव बिघडेल.

याहून चकवणारा प्रकार म्हणजे अगदी सारखी दिसणारी दोन फोल्डर. ‘शेतकऱ्यांची पत्रे’ या नावातील ऱ्य हे जोडाक्षर दोन प्रकारे टंकलिखित होते. काही कळफलक त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह लावतात. ‘ॲडव्हान्स’मधील पहिले अक्षरही काही ठिकाणी एकसंध असते आणि काही ठिकाणी अ वर चंद्र देऊन बनवलेले असते. डोळ्यांना दोन्ही एकच वाटतात, सर्व्हरला ती दोन भिन्न नावे वाटतात. मग मुनीमजींचे नियम (पत्रे आपोआप फोल्डरमध्ये टाकणारे फिल्टर) एका फोल्डरमध्ये पत्रे टाकतात आणि गोदामाचे नियम दुसऱ्यात. असे आढळल्यास दोन्ही फोल्डरमधील पत्रे एकत्र करून एक फोल्डर हटवावे, उरलेल्याचे नाव अशा अक्षरांशिवाय ठेवावे आणि प्रत्येक संगणकावरील फिल्टर पुन्हा त्या नावाशी जोडावेत.

आर्थिक वर्षाची नावे देतानाही काळजी घ्यावी. प्रत्येक सर्व्हर मुख्य फोल्डर आणि उपफोल्डर यांच्यामध्ये एक विभाजक चिन्ह वापरतो. कोठे ते टिंब असते, कोठे तिरकी रेघ. टिंब वापरणाऱ्या सर्व्हरवर ‘२०२४.२५’ असे नाव दिले, तर ‘२०२४’ नावाच्या फोल्डरच्या पोटात ‘२५’ तयार होऊ शकते किंवा सर्व्हर ते नाव नाकारतो. जीमेलमध्ये ‘२०२४/२५’ लिहिले तर तोच परिणाम होतो. आडवी रेघ, म्हणजे ‘२०२४-२५’, सर्वत्र चालते.

पाचवी पायरी: पाठवलेली पत्रे

एकाच पेटीत ‘सेंट’, ‘सेंट आयटम्स’ आणि ‘सेंट मेसेजेस’ अशी तीन फोल्डर दिसतात, कारण वेगवेगळ्या प्रोग्रामांनी आपापल्या सवयीने ती तयार केलेली असतात. कोणते फोल्डर कशासाठी आहे हे सर्व्हरने प्रोग्रामला सांगण्याची पद्धत २०११ मधील आरएफसी ६१५४ ने ठरवून दिली, तरी जुनी खाती आणि जुने प्रोग्राम ती पाळतातच असे नाही. त्यांपैकी एक फोल्डर निवडावे. वेबमेल जे वापरते तेच निवडणे सोयीचे. थंडरबर्डमध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ या पानावर, ॲपल मेलमध्ये फोल्डर निवडून ‘यूज धिस मेलबॉक्स ॲज’ या आज्ञेने आणि आयफोनवर खात्याच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागातून ते ठरवता येते. त्यानंतर उरलेल्या दोन फोल्डरमधील पत्रे त्यात हलवावीत. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या सामायिक पेटीतून पाठवलेले पत्र मुळात पाठवणाऱ्याच्या वैयक्तिक सेंट आयटम्समध्ये जाते. सामायिक पेटीतही त्याची प्रत राहावी असे प्रशासकाला स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

सहावी पायरी: पत्रे उशिरा किंवा अपुरी दिसणे

थंडरबर्ड नवीन पत्रांसाठी सहसा इनबॉक्सच तपासतो. सर्व्हरवरील नियम पत्रे थेट ‘तूर सौदे’मध्ये टाकत असतील, तर त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये नवीन पत्रे घेताना हे फोल्डर नेहमी तपासावे अशी खूण करावी. आउटलुकमध्ये ठरावीक महिन्यांचीच पत्रे संगणकावर ठेवण्याची मर्यादा असते. जीमेलच्या सेटिंगमध्येही आयमॅप फोल्डरमधील पत्रांची संख्या १००० पासून १०,००० पर्यंत मर्यादित करण्याचा पर्याय आहे. जुनीच पत्रे दिसत नसतील, तर या दोन जागा आधी पाहाव्यात.

एखादा संगणक कधी चालतो, कधी ‘जोडणी नाकारली’ म्हणतो आणि दुसऱ्याने प्रोग्राम बंद केला की पुन्हा चालू लागतो, तेव्हा जोडण्यांची संख्या मोजावी. थंडरबर्ड एका खात्यासाठी मुळात ५ जोडण्यांपर्यंत उघडतो. डव्हकॉट या फार वापरल्या जाणाऱ्या मेल सर्व्हरची मूळ मर्यादा एका लॉगिनसाठी एका आयपी पत्त्यावरून १० जोडण्यांची आहे, जरी होस्टिंग कंपन्या ती कमी-जास्त करतात. कार्यालयातील सर्व संगणक एकाच ब्रॉडबँडवर असल्याने सर्व्हरला त्यांचा बाहेरचा पत्ता एकच दिसतो. एकाच लॉगिनचे तीन थंडरबर्ड म्हणजे १५ जोडण्या झाल्या, आणि त्यात वायफायवरचा मोबाइल वेगळाच. जीमेल एका खात्यासाठी एकूण १५ जोडण्या देते. उपाय सोपा आहे: सर्व्हर सेटिंग्जच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जोडण्यांची कमाल संख्या प्रत्येक संगणकावर २ करावी.

सातवी पायरी: खुणा आणि रंग

सामायिक पेटीत ‘वाचले’ ही खूण कामाची नोंद म्हणून वापरू नये. एकच लॉगिन असेल, तर एकाने पत्र उघडताच ते सर्वांकडे वाचलेले दिसते. स्वतंत्र लॉगिन असतील, तर ती खूण सर्वांची की प्रत्येकाची वेगळी, हे सर्व्हरच्या रचनेवर ठरते. थंडरबर्डचे रंगीत टॅग सर्व्हरवर शब्दरूपाने साठवले जातात, पण आउटलुक ते दाखवत नाही. आउटलुकच्या रंगीत श्रेणीही आयमॅप खात्यावरून थंडरबर्डकडे जात नाहीत. ताऱ्याची किंवा झेंड्याची खूण सर्वत्र पोहोचते. सौदा पूर्ण झाला, बिल निघाले, माल रवाना झाला अशा अवस्था दाखवायच्या असतील, तर पत्र एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवणे हाच माझ्या दृष्टीने खात्रीचा मार्ग आहे.

आठवी पायरी: स्थानिक प्रतीची दुरुस्ती

येथवरचे सर्व ठीक असूनही वेबमेलमधील आणि प्रोग्राममधील संख्या जुळत नसेल, तरच प्रत नव्याने उभारावी. थंडरबर्डमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील ‘रिपेअर फोल्डर’ हे बटन त्या फोल्डरची सूची पुन्हा तयार करते. आयमॅप फोल्डरच्या बाबतीत ते पत्रेही पुन्हा उतरवू शकते, म्हणून मोबाइल हॉटस्पॉटवर असताना मोठ्या फोल्डरवर ते दाबू नये. आउटलुकमध्ये आयमॅप खात्याची प्रत ओएसटी फाइलमध्ये असते. प्रोग्राम बंद करून त्या फाइलचे नाव बदलले की आउटलुक नवीन प्रत उतरवतो. फाइल लगेच हटवू नये, कारण ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ असे लिहिलेली संपर्कांची आणि दिनदर्शिकेची फोल्डर त्या एकाच फाइलमध्ये असतात.

फाइलच शेअर केली तर?

खर्च वाचवण्यासाठी पीएसटी फाइल किंवा थंडरबर्डचे प्रोफाइल लॅनवरील शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून ते दोन संगणकांवरून उघडण्याची युक्ती सुचवली जाते. ती वापरू नये. पीएसटी नेटवर्कवरून उघडून काम करण्यास मायक्रोसॉफ्ट पाठबळ देत नाही आणि मध्येच जोडणी तुटली तर फाइल बिघडते. थंडरबर्डचे प्रोफाइलही एका वेळी एकाच ठिकाणाहून उघडण्यासाठी बनलेले आहे. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ती ठेवल्यासही तोच धोका असतो. शिवाय थंडरबर्ड पीएसटी वाचत नाही आणि आउटलुक थंडरबर्डची एमबॉक्स फाइल वाचत नाही. दोघांमध्ये पत्रे हलवायची असतील, तर मधले आयमॅप खातेच वापरावे: आउटलुकमधून पत्रे त्यात कॉपी करावीत आणि थंडरबर्डमध्ये ती उघडावीत.

हे सर्व करूनही प्रश्न उरला, तर सेवा देणाऱ्या कंपनीला ‘मेल चालत नाही’ एवढेच कळवून उपयोग नसतो. लॉगिनचे नाव, फोल्डरचे पूर्ण नाव मुख्य फोल्डरसह, प्रोग्राम आणि त्याची आवृत्ती, चूक नेमकी किती वाजता आली, पडद्यावर आलेले वाक्य जसेच्या तसे, आणि तेच फोल्डर वेबमेलमध्ये व दुसऱ्या प्रोग्राममध्ये कसे दिसते, एवढे कळवावे. वेळ मिनिटापर्यंत दिली, तर त्यांना सर्व्हरच्या लॉगमध्ये ती ओळ सापडते आणि नकार पासवर्डमुळे मिळाला, हक्कांमुळे मिळाला की जोडण्यांच्या मर्यादेमुळे, हे त्यांना तेथेच वाचता येते.